झाकारने थट्टा सोडली ते वर्ष

ओलिंकाला आयुष्यात दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. नोव्हेंबरात युकॉन नदी गोठली की बर्फाखालून वाम मासे वर चढणार, ही एक. आणि त्या वेळी मामेभाऊ झाकार तिच्या डोक्याशी उभा राहून तिची टिंगल करणार, ही दुसरी. पहिली गोष्ट देवाघरची, दुसरी मामाच्या घरची. दोन्हींवर इलाज नव्हता.

आतेमामे भावंडांनी एकमेकांची खिल्ली उडवायची, ही आमच्याकडची रीतच आहे. सख्ख्या भावाला जे बोलता येत नाही ते मामेभावाला बोलावं, चारचौघांत बोलावं, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला. त्यातून मामेभाऊ-आतेबहीण असतील तर त्याने तिला ‘बायको’ म्हणायचं आणि त्याच्या खऱ्या बायकोने शेजारी बसून हसायचं. ओलिंकाचं मॉक्सीशी लग्न लागलं तेव्हा झाकार भर चर्चमध्ये उभा राहून ओरडला होता, “माझ्या बायकोचं लग्न लावताय आणि मला विचारलंसुद्धा नाही!” पाद्रीबाबांना पोथी मिटून आधी हसून घ्यावं लागलं.

ओलिंकाही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. एकदा झाकार बर्फगाडीसकट नदीत बुडता बुडता वाचला. सगळं गाव रडत होतं. ओलिंका त्याला घोंगडीत गुंडाळत म्हणाली, “नदीसुद्धा तुला ठेवून घेईना. तिलाही चव असते.” दात वाजत असताना झाकार हसला, तेव्हाच सगळ्यांना कळलं की गडी जगतो.

तर असं हे साठ वर्षांचं खातं. आता वामाचं सांगतो.

वाम म्हणायचं, पण हा खरा वाम नव्हे. याला जबडाच नाही. तोंड म्हणजे एक गोल दातेरी भोक, जिथे लागेल तिथे घट्ट चिकटतं. दिसायला कुरूप, पण अंगात तेल इतकं की तव्यावर दुसरं काही घालावं लागत नाही. समुद्रातून येतो आणि काठाकाठाने, दोर वळावा तसा, झुंडीने वर जातो. एका गावासमोरून जायला त्याला फार तर दीड-दोन तास लागतात. तेवढ्यात जे हाताला लागेल ते लागेल. चुकलात तर वर्षभर तेलाशिवाय बसा.

म्हणून कुणीतरी बर्फातल्या भोकात लांब काठी उभी धरून बसायचं. झुंडीचे पहिले वाम काठीला घासून जातात, हाताला टकटक लागते, की ओरडायचं. आमच्या गावात ही काठी चाळीस वर्षं ओलिंकाच्या हातात होती. ती कधी फसायची नाही. वाहता बर्फ घासला तरी ती म्हणायची, “हा नव्हे. हा नुसता जाता जाता विचारपूस करतोय.”

आणि मग ते वर्ष आलं.

ऑगस्टमध्ये मॉक्सी गेला. चाळिसाव्या दिवशी जेवण घालून गेलेल्याच्या वस्तू वाटून टाकतात. ओलिंकाने मोकळ्या हाताने सगळं दिलं. बंदूक दिली, जाळी दिली, बूट दिले, आणि त्या भरात त्याने तासलेली देवदाराची काठीही खालच्या गावाहून आलेल्या एका पाहुण्याला देऊन टाकली. ती काठी आपल्यालाच लागते, हे तिला नदी गोठल्यावर आठवलं. दिलेलं परत मागत नाहीत. तंबूचा एक अॅल्युमिनियमचा दांडा होता, तोच घेऊन ती बसली.

थंडीत त्या दांड्यावर बर्फ चढला आणि हात बधिर झाला. सगळं गाव जाळ्या घेऊन तिच्या एका हाकेची वाट पाहत उभं होतं. संध्याकाळी वरच्या गावाहून रेडिओवर आवाज आला, “आमच्या घसरगाड्या भरल्या, तुमचं कसं काय?” वाम सगळ्यांच्या पायांखालून निघून गेले होते. नदीने गावाच्या तोंडाला पानं पुसली आणि ती पुसायला ओलिंकाने हात लावला.

ती उठून उभी राहिली. झाकार समोर होता. आता हा काय बोलेल, याची तिने पाठ ताठ करून तयारी केली. जे काय बोलेल त्यावर गाव हसेल, मग ती हसेल आणि घरी जाऊन झोप तरी येईल.

झाकारने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “होतं असं, ओलिंका. मनाला लावून घेऊ नकोस.”

त्याने थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं.

त्यानंतर वर्षभर झाकार तिच्याशी चांगला वागला. गुडघा कसा आहे, विचारायचा. लाकडं आणून द्यायचा, आणि फोडूनसुद्धा द्यायचा. वरच्या गावाने दया येऊन वामाचं एक पोतं पाठवलं, त्यातला पहिला वाटा विधवेचा म्हणून तिच्या दारात ठेवून, झाकार टोपी काढून निघून गेला. ‘बायको’ हा शब्द त्याच्या तोंडातून गेला तो गेलाच. वसंतात एकदा तिने मुद्दाम सगळ्यांसमोर त्याच्या पोटावरून टोमणा मारला, “झाकार, यंदा बोटीत सामान ठेवायचं की तुला?” तर तो म्हणाला, “खरंय गं, वजन वाढलंय.” ओलिंका त्या दिवशी घरी येऊन रडली. मॉक्सी गेल्यावर सगळ्यांसमोर रडली होती, आता एकटी रडली. ज्याची थट्टा होत नाही तो माणसांतून उठला, असं आमच्याकडे मानतात. अगदी म्हातारे आणि अगदी दुखणाईत यांनाच तेवढं सोडतात.

उन्हाळ्यात तिने वाहून आलेल्या देवदारातून नवी काठी तासली. कुणाला दाखवली नाही.

पुढच्या नोव्हेंबरात खालच्या गावाने रेडिओवर कळवलं, “काल दुपारी आमच्याकडून गेले.” म्हणजे आमच्याकडे आज. सकाळपासून माणसं बर्फावर होती. मॉक्सी दरवर्षी जिथे बर्फ कापायचा त्या जुन्या जागेवर करवतीने लांब चर कापला होता. झाकार काठी हातात घेऊन तिथेच बसला होता.

“ओलिंका, तू आज आराम कर,” तो म्हणाला. “काठी मी धरतो. तुझा गुडघा...”

“माझा गुडघा काठी धरत नाही,” ओलिंका म्हणाली. “आणि इथे काही मिळायचं नाही. उन्हाळ्यात मी जाळं लावलं होतं, खाली वाळू आलीय. धार तिकडे काठाला सरकलीय, झुडपांखाली.”

आता हा भांडेल, तिला वाटलं. “साठ वर्षं नदी बघतोय, मला शिकवतेस?” असं काहीतरी म्हणेल.

“असेल, असेल,” झाकार म्हणाला. “तुझंच बरोबर असेल.”

आणि जागचा हलला नाही. त्याची बायको अगाफिया तिथेच चहा ओतत होती. तिने मान खाली घातली.

ओलिंकाने पहार उचलली, पन्नास पावलं चालत झुडपांपाशी गेली आणि स्वतः भोक पाडलं. गुडघा बोंबलत होता. सुपाएवढं भोक झालं. तिने आपली नवी काठी आत सोडली, हातमोजा काढला आणि उघड्या मुठीत काठी धरून उकिडवी बसली. दर थोड्या वेळाने हात काखेत घालायचा, गरम करायचा, पुन्हा धरायचा. सूर्य डोंगराला टेकला. लांबून झाकारचा आवाज येत होता. तो कुणालातरी जुनी गोष्ट सांगत होता. काठी धरणाऱ्याने गप्प बसायचं असतं, पण गप्प बसला तर तो झाकार कसला!

टक.

ओलिंकाने श्वास रोखला. बर्फाचा तुकडा असेल, काटकी असेल. मग पुन्हा टक, आणि लगेच घासल्यासारखं काहीतरी. ओरडावं का? ओरडली आणि काही नसलं तर? कुणी रागावणार नाही, हेच तर दुखणं होतं. सगळं गाव धावत येईल आणि रिकाम्या भोकाकडे बघून गोड गोड बोलेल. मग मरेपर्यंत गोडच बोलत राहील. आणि न ओरडावं तर? वाम खालून निघालेत, क्षण क्षण निघालेत.

टक, टक, टक.

“आले!” ओलिंका ओरडली. “इकडे! अरे आले, आले!”

माणसं धावली. पहिली जाळी आत गेली आणि वर आला नुसता बर्फाचा भुगा. दुसरी जाळी गेली, तिच्यात बर्फ आणि एक काटकी. कुणीतरी खोकलं. झाकार मागून धापा टाकत आला, भोकात पाहिलं आणि त्याने तिच्या खांद्यावर तो मेला हात ठेवला.

“असू दे गं,” तो म्हणाला. “चल, गरम चहा घे.”

“चहा ओत तुझ्या टाळक्यावर!” ओलिंका ओरडली. “सरक!”

तिने त्याच्या हातून वाम ओढायची, खिळे ठोकलेली लांब काठी हिसकावली, बर्फावर पालथी पडली आणि काठी सरळ खाली न घालता बर्फाखालून आडवी, काठाच्या बाजूला सारली. सारली आणि तिला कळलं. काठी पाण्यात नव्हतीच, वामांत होती. तिने जोर लावून ओढली. खिळ्याखिळ्याला एक वाम वळवळत होता.

मग काय विचारता! करवती गुरगुरल्या, सुपाएवढ्या भोकाचा बघता बघता बोटीएवढा चर झाला. एकेका जाळीला दोघं दोघं लागली. काळे ढीग बर्फावर पडत होते, वळवळत होते आणि वळवळता वळवळता गोठत होते. पोती संपली, टोपं संपली, घसरगाड्या भरल्या. अगाफियाने चहाची किटली रिकामी करून तीही भरली. माणसं विनाकारण हसत होती, एकमेकांना ढकलत होती. कुणीतरी वरच्या गावाला रेडिओवर सांगायला पळालं. ओलिंका चराच्या तोंडाशी उभी राहून जाळीमागून जाळी उपसत होती आणि तिचा गुडघा कुठे होता कोण जाणे.

अशीच एक भरलेली जाळी तिने हिसक्याने वर काढली, तसा एक वाम हवेत उडाला आणि तिच्या गालावर, ओठांच्या अगदी कडेला, फट्दिशी चिकटला. दोन्ही हातांत जाळी. जाळी सोडावी तर मासे जातात. ओलिंका तशीच उभी राहिली, गालावरून हातभर वाम लोंबतोय.

सगळ्यांनी पाहिलं. कुणाला हसावं की नाही, कळेना. वर्षभराची सवय झाली होती ना, ओलिंकाला हसायचं नाही. सगळ्यांनी झाकारकडे पाहिलं. ओलिंकानेही पाहिलं. झाकारचं तोंड सवयीने मऊ व्हायला लागलं. “लागलं का गं?” हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले तिला दिसले. झाकार, तिने मनात म्हटलं, आता जर विचारलंस ना, तर बघ.

झाकारच्या मिशा थरथरल्या. त्याने हातातली जाळी बर्फावर आपटली.

“देवा रे!” तो दोन्ही हात वर करून ओरडला. “मी इथे धडधडीत जिवंत उभा, आणि माझी बायको भर नदीवर परक्याचा मुका घेतेय!”

नदी दणाणली. माणसं पोट धरून बर्फावर बसली. ओलिंकाने जाळी ओतली, मगच वाम उपटला. पचकन आवाज झाला आणि गालावर लालभडक गोल उठला.

“परका असला तरी आपणहून आला,” ती म्हणाली. “तुझ्यासारखं लग्नाला आईने कान धरून आणावं लागलं नाही. विचार अगाफियाला!”

“खरंय!” अगाफिया डोळे पुसत म्हणाली. “डावा कान!”

“आणि तुझ्यापेक्षा गुळगुळीत आहे,” ओलिंका म्हणाली. “वासही बरा येतो.”

“मग जा त्याच्याबरोबर!” झाकार म्हणाला. “जा वरच्या गावाला! पण लाकडं त्यालाच फोडायला सांग, मी नाही फोडणार!”

ओलिंका हसली, हसता हसता खाली बसली आणि बसल्यावर तिला रडू फुटलं. तेही हसण्यासारखंच मोठ्याने. अंधारून येत होतं. वाम विरळ झाले होते. झाकार तिच्या शेजारी येऊन बसला.

“मला वाटलं तुला सोसायचं नाही,” तो म्हणाला. “मॉक्सी गेला, त्यात मागच्या सालचं ते.”

“तू थट्टा सोडलीस ना,” ओलिंका नाक पुसत म्हणाली, “तेव्हा मला वाटलं, मॉक्सीबरोबर तुम्ही मलाही पुरलंत.”

झाकारने आपल्या हातमोज्यांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, “माझंच चुकलं,” आणि उठून तिला हात दिला. “ऊठ. केवढी जड झालीयस. त्या परक्याने दिवसभर भरवलं की काय?”

पहिलं पोतं गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं असतं. ते ओलिंकाने स्वतः ओढत दारोदार नेलं. प्रत्येक दारात गालावरचा गोल दाखवावा लागला, कारण झाकार तिच्याआधी तिथे पोचलेला असायचा.

गोल तीन दिवसांत गेला. गोष्ट काही गेली नाही. नाताळपर्यंत झाकारच्या तोंडी तो वाम माणसाच्या उंचीचा झाला, ईस्टरपर्यंत त्याला मिशा फुटल्या, आणि बर्फ फुटून पहिली बोट आली तेव्हा वामाने रीतसर मागणीही घातली होती. परगावचे लोक ओलिंकाला गाठून विचारायचे, “मावशी, हे खरं का हो?”

ओलिंका डोळे मिटून मान हलवायची.

“झाकार लाजतो,” ती म्हणायची. “सगळं सांगत नाही.”