कावळा आणि मार्थाबाई

वरच्या मजल्यावरून पितृपक्षातल्या वड्यांचा वास आला की मला शिरवणे गावातल्या आमच्या जुन्या घराची गच्ची आठवते.

पंच्याण्णव साल असेल. सासऱ्यांचं पहिलंच पान ठेवलं होतं आणि कावळा कठड्यावर बसून नुसता बघत होता. त्यांचा जीव कशात अडकलाय, या काळजीने सासूबाईंची सगळी वचनं देऊन झाली होती. तेवढ्यात येशूची पत्रकं वाटणाऱ्या मार्थाबाई वर आल्या.

“आजी, गेलेला माणूस देवाजवळ शांत झोपतो.”

“उपाशी झोपणारा माणूस नव्हता त्यो,” सासूबाई म्हणाल्या. “माझं तर कधी ऐकलं न्हाई. तुमी सांगून बघा.”

मार्थाबाई गोंधळल्या. पण सासूबाईंचे भरलेले डोळे बघून त्यांनी हात जोडले. “प्रभू, या आजींना शांती दे.”

कावळ्याने झडप घालून वडा उचलला.

“मी देवाशी बोलले, कावळ्याशी नाही!” मार्थाबाई घाईने म्हणाल्या.

“बघितलंस?” सासूबाई माझ्यावर खेकसल्या. “मेल्यावर पण परक्या बाईचंच ऐकलं!” तरी मार्थाबाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मी पदर तोंडात कोंबून हसत होते. आता सासूबाईंचं पानही मीच ठेवते. कावळा लगेच येतो. सासऱ्यांना एकटं जेवू द्यायची त्यांची तयारी नसावी.