आईचा पुढे येणारा जबडा

आमच्या धसईकडच्या लग्नांत आई धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणायची. हळदीपासून वरात निघेपर्यंत बायका तिच्या मागून ओळी उचलायच्या. वरचे पुढचे दात पडले आणि तिच्या तोंडून शब्दांऐवजी वाराच येऊ लागला. कवळी करून पाहिली, ती पहिल्याच हळदीत गाता गाता परातीत पडली. बायका हसल्या, आई नाही हसली. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने स्वतःहून स्क्रूच्या दातांचा विषय काढला. नातीचे धवले दुसरीने म्हणावेत हे तिला सहन होणार नव्हतं.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रू बसवले, त्यांवर तात्पुरते दात लावले आणि बजावलं की हाड स्क्रूला धरेपर्यंत खालचे दात मागून त्यांच्यावर आपटता कामा नयेत. म्हणजे जबडा मागे ठेवायचा. सांगायला काय जातं! आई जन्मभर बाजारासाठी पालेभाजीच्या जुड्या बांधत आलेली. हात गुंतलेले, म्हणून दोऱ्याचं टोक दातात. वरचे दात गेल्यावर ती खालचा जबडा पुढे काढून ते टोक हिरडीशी दाबून धरायची. मी जुड्या बंद केल्या. तरी तांदूळ निवडताना, वाती वळताना, नुसतं हातात काही आलं की जबडा पुढे. मी म्हणायचे, आई, जबडा. ती दचकून मागे घ्यायची आणि माझी पाठ वळली की पुन्हा तेच. जित्याची खोड ती. मला राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची. दुसऱ्याच्या तोंडाची राखण कोण आणि कशी करणार?

शेवटी स्क्रू हलू लागले. डॉक्टरीणबाईंनी ते काढले, तेव्हा फारसा जोरही लावावा लागला नाही. आईला त्या म्हणाल्या, आधी जखम भरू दे, मग बघू. तिला बाहेर बसवल्यावर मला म्हणाल्या की हाड फार झिजलंय, परत बसवण्यात अर्थ नाही.

एसटीत मी तिला सांगणार होते. सरळगाव आलं. शेजारी आई हनुवटीला तळवा लावून जबडा मागे रेटत बसली होती. दुखेल, सोड आता, एवढंच मी म्हटलं.

"नाय गो," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा बसवतील तवर सवय करते. लग्नाला अजून टाइम हाय."