गुरुवारचं ऊन

सूर्याला साठवून ठेवण्याची विद्या माणसाला साधली, ही मानवी इतिहासातली एक थोर घटना आहे. आमच्या घरात तिचा संबंध मुख्यतः बायकोच्या सुट्टीशी होता.

ती चाकणच्या एका कंपनीत, मी आकुर्डीच्या कॉलेजात ग्रंथपाल. पूर्वी वीज पुरत नसे, म्हणून कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. माझी सुट्टी रविवारी. लग्नापासून आम्ही एकमेकांना आळीपाळीने झोपलेलं पाहत आलो आहोत.

मग सरकारचं वीज साठवणुकीचं धोरण आलं. कंपनीने सवलत घेऊन छतावरच्या सौरविजेसाठी बॅटऱ्या बसवल्या. आवारात ओळीने उभ्या पांढऱ्या पेट्या, फ्रीजच्या दुकानासारख्या.

"दिवसाचं ऊन आता रात्रभर पुरणार," बायको म्हणाली. "मग गुरुवार कशाला हवा? मी साहेबांना विचारतेच. रविवारी दुपारी दोघं नुसते लोळू."

"जमेल आपल्याला? सवय नाही."

"शिकू रे."

उद्घाटन एका रविवारी झालं, सहकुटुंब. मंडपात प्रमुख पाहुणे धोरण समजावून सांगत होते: दुपारच्या उन्हाच्या विजेवर पाणी डोंगरावर चढवायचं, रात्री खाली सोडून पुन्हा वीज करायची. माझे डोळे मिटत गेले. मावळच्या डोंगरांवर मला तळी दिसली, दुपारींनी काठोकाठ भरलेली. एका तळ्यात आमचे रविवार होते, न वापरलेले, पिवळसर, जरासे कोमट. बायको काठावर बसून पाण्यात पाय हलवत होती, आणि कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

टाळ्यांनी जाग आली. "आता विजेला सुट्टी नाही!" असं पाहुणे म्हणाले होते.

चहाच्या टेबलापाशी बायकोने साहेबांना गाठलं. "सर, आता वीज आहे, तर सुट्टी रविवारी करा ना."

"अहो मॅडम, गुरुवारी अख्खा पट्टा बंद असतो. आपण एकटे चालू राहून सुटे भाग आणायचे कुणाकडून?" साहेब हसले. "आणि धोरणात वाराचं काही नाही हो."

परतताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपून गेली. इंद्रायणीच्या पुलावर ऊन तिरपं झालं होतं. मी हललो नाही.

पेट्या उत्तम चालतात. देखभालीसाठी त्या दर गुरुवारी बंद असतात.