अर्धी शिवलेली वाकळ

दुपारी अंगणात आम्ही दोघं एका लुगड्याची दोन टोकं धरून उभे होतो. हिरवं, चौकडीचं लुगडं, नेसून नेसून मऊ पडलेलं. झटकलं, जुन्या धोतराच्या घडीवर अंथरलं आणि बायको वाकळ शिवायला बसली. सुईत दोरा ओवायचं काम माझं. तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. मी दोऱ्याचं टोक तोंडात धरलं की ती म्हणायची, "दोरा ववताय का खाताय?" त्या दिवशीही म्हणाली. मी ओवून सुई तिच्या हातात दिली. घाई होती.

लुगडं आमचं नव्हतं. कालव्याकडच्या वस्तीवर पंधरा दिवसांमागं एक बाई बाळंतपणात बाळासकट गेली, तिचं होतं.

आमचं एक मंडळ होतं. जळोचीत नाहीतर बारामतीत ज्या घरात माणूस मेलं आणि मागं लहान पोरं राहिली, तिथं आम्ही जायचो. जवळचं कुणी नसेल तर कडू घास, म्हणजे मयतीनंतरची पहिली भाकर, आम्हीच न्यायचो. मग तेराव्यापर्यंत कुणी ना कुणी पोरांजवळ बसायचं. मोठी माणसं रडतात तेव्हा त्यांना दहाजण धरतात. पोरांना म्हणतात, जा, खेळा. मंडळाचा म्होरक्या मी, कारण बाईला म्होरक्या कोण म्हणणार. डोकं तिचं. वाकळही तिच्याच डोक्यातली. मेलेल्या बाईची लुगडी वाटून टाकतात. ही आधी जाऊन एक मागून आणायची आणि पोरापुरती वाकळ शिवून द्यायची.

पहिल्या वाकळीला आम्ही चुकलो होतो. त्या घरच्यांनी पोरीला आई मेल्याचं सांगितलंच नव्हतं. माहेरी गेलीय, असं सांगून ठेवलं होतं. आम्हीही तोंड मिटून वाकळ दिली. पोरीनं लुगडं ओळखलं. तिला वाटलं, आईनंच पाठवली. सगळी थंडी ती पोर पोत्यावर कुडकुडत निजली. वाकळ मळेल म्हणून अंगावर घेतली नाही. आई आली की दाखवायची होती तिला. हे कळलं त्या दिवशी बायको जेवली नाही. तेव्हापासून तिनं कायदाच केला. आधी खरं सांगायचं, मग वाकळ. आणि सांगायचं ते घरच्या माणसानं, आपण नुसतं शेजारी बसायचं.

आता पुन्हा तेच होऊ घातलं होतं. ही पोर सात वर्षांची. आई गेली त्या दिवशी तिला शेजारच्या वस्तीवर नेऊन ठेवली आणि सांगितलं, आई इंदापूरला आजोळी गेली. बाप उसाला पाणी देणारा गडी, अजून पंचविशीही न गाठलेला. त्याच्या तोंडून शब्द निघेना. तेरावा झाला, मामा आला, आणि दोघांनी ठरवलं की सकाळच्या मोटारीनं मामानं पोरीला इंदापूरला न्यायचं. पोरीला सांगितलं, आईकडं जायचंय. ती वस्तीभर सांगत हिंडत होती.

बायको आदल्या दिवशी बापाशी भांडून आली. शेवटी तो कबूल झाला. मोटार सुटायच्या आधी सांगतो, पण आजी, तुमी माझ्याजवळ पायजे. पोरीलाही ही सांगून आली, मी मोटारअड्ड्यावर येते.

"आज वाकळ पुरी झाली पायजे," ती मला म्हणाली. "आन उद्या तुमी मदी बोलू नका. तुमी बोलला की मानसं पळत्यात."

तीन बाजू शिवून झाल्या. चौथी राहिली होती. दिवस कलला तेव्हा ती म्हणाली, छातीत दाटल्यासारखं होतंय, पाणी द्या. मी तांब्या घेऊन बाहेर आलो तर ती खांबाला टेकलेली. सुई वाकळीत टोचून ठेवली होती, नीट, कुणाला लागू नये अशी. पाणी तसंच राहिलं.

अंधार पडायच्या आत तिला ओढ्याकाठी नेली. आम्हाला मूल नव्हतं. अग्नी मीच दिला.

आमच्या घरी कडू घास आला नाही. ज्याला त्याला वाटलं, मंडळातलं कुणी नेईल. मंडळात भाकरी थापणारी तीच होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला राग नाही. भूकही नव्हती.

सकाळी वाकळ काखेत मारून निघालो. दारात थोरला चुलतभाऊ बसून होता. म्हणाला, अग्नी दिलेला माणूस दहा दिवस उंबरा ओलांडत नाही, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, घालू दे.

"तिला गती मिळायची न्हाय," तो म्हणाला.

माझे पाय थांबले. खोटं कशाला लिहू. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि बाहेर ऊन वर येत होतं.

"तिला मी वळखतो," मी म्हणालो. "पोरगी तशीच गेली तर मिळायची न्हाय."

बारामतीपर्यंत चाललो नाही, जवळजवळ पळालो. अड्ड्यावर मोटार उभी होती. मामा टपावर गठुडं चढवत होता. बापानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. आमच्या घरची बातमी त्याला कळली होती. आजी नाही म्हणजे आपण सुटलो, असं त्यानं धरलं असावं. मामा वरूनच म्हणाला, "आबा, सुतकात हाय तुमी. पोरीपासनं लांब ऱ्हावा." मी दहा पावलांवर थांबलो.

पोर चोपून तेल लावून, वेणी घालून बसली होती. तिनं माझ्या मागं पाहिलं.

"आजी कुठं हाय? येते म्हनली व्हती."

मी बापाकडं पाहिलं. तो म्हणाला, "आजी गावाला गेली."

माझ्या तोंडासमोर म्हणाला. ह्याच शब्दांवरून मी किती घरांत भांडलो होतो, पण ते दुसऱ्यांच्या माणसांबद्दल. बायकोनं बजावलं होतं, मधी बोलू नका. बोललो.

"न्हाय. आजी मेली. काल, दिवस कलताना. मी तिला जाळून आलोय. ती कुठल्या गावाला गेल्याली न्हाय."

मोटारीभोवतीची माणसं वळून बघायला लागली. मामा खाली उतरून माझ्या अंगावर येत होता, पण सुतकाच्या माणसाला हात लावायला धजेना. पोर जागची हलली नाही.

"परत कवा येनार?"

"येनार न्हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. मोटारवाला पुढं जाऊन हँडल फिरवायला लागला.

"आन आई?"

ते सांगणं माझं नव्हतं. मी नुसता बापाकडं बघत राहिलो. तो पळाला असता तर ह्या पायांनी मला तो धरता आला नसता. इंजिन सुरू झालं. मामा म्हणाला, चला, बसा. बाप दोन पावलं मोटारीकडं गेला, आणि तिथंच धुरळ्यात खाली बसला.

"आईबी, बाळा," तो म्हणाला. "आईबी मेली. इंदापूरला न्हाय ती."

पोर रडली नाही. तिनं बापाला मारलं. छातीवर, तोंडावर, हात पोचेल तिथं. तो मार खात राहिला, आणि मग दोघंही रडली. मामानं मोटारवाल्याला हात केला, गठुडं खाली घेतलं. मोटार गेली.

धुरळा खाली बसल्यावर मी जवळ गेलो. लांब ऱ्हावा असं आता कुणी म्हणालं नाही. वाकळ पोरीपुढं ठेवली. तिनं लगेच ओळखली. काठ नाकाशी धरला. मग बोटानं चौथी बाजू दाखवली, उघडीच होती.

"हे फाटलंय."

"फाटलं न्हाय. शिवायचं ऱ्हायलंय. आजीनं सोडलंय."

सुई तिथंच टोचलेली होती. दोरा संपत आला होता. रीळ माझ्या बंडीच्या खिशात होतं. मी टोक तोंडात धरलं आणि ओवायला गेलो, पण नेढं सापडेना. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पोरीनं सुई माझ्या हातातून घेतली, ओवली आणि परत दिली.

अड्ड्यावरच्या लिंबाखाली मी ती बाजू शिवली. पोर समोर बसून टोक धरून होती.

"वाकडं हुतंय," ती म्हणाली.

"धर नीट," मी म्हणालो.