विरजण

दह्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, की त्या आंबूस वासासरशी पणदऱ्याच्या सखूमावशी आठवतात. बायबलच्या आमच्या नव्या मराठी भाषांतराचा मसुदा गावात कळतो का, हे पाहायला मी तो त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवत होतो. चिमूटभर खमिरानं सगळं पीठ फुगतं, तो दाखला आला.

"खमीर म्हंजी काय, दादा?" मावशींनी विचारलं.

मी समजावलं, "थोडंसंच घालून झाकून ठेवायचं. हळूहळू आतून सगळं बदलतं."

"मग विरजण म्हणा की."

"विरजण पिठात नसतं, मावशी." मी शहाण्यासारखा हसलो. पुस्तकात खमीरच छापलं गेलं.

परवा रविवारच्या उपासनेत तोच दाखला वाचताना माझ्या तोंडून विरजण निघून गेलं. 'म्हंजी काय' असं कुणीच विचारलं नाही.