नेटचा पत्ता बदलला त्या सकाळी

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आजही नाही. स्मशानालगतच्या शेतात मी वीस वर्षं कापूस वेचला, कधी कोणी हाक मारली नाही. तेव्हा ज्यांना हडळ वगैरे हवी असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. मी चौथी शिकलेली बाई. पाहिलं तेवढंच लिहिते.

मी जळगावला मुलाकडे राहते. धाकटी बहीण कमल शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात एकटी असते. साखरेचा आजार. म्हणून मुलाने तिच्या स्वयंपाकघरात फळीवर कॅमेरा बसवला. माझ्या मोबाइलवर ती दिसायची — चालते-फिरते ना, बस.

मग आठ दिवस काही दिसेना. पडद्यावर नुसता गोल फिरायचा. फोन केला तर कमल म्हणायची, "नेट नसेल अक्का."

गुरुवारी नात प्रणाली घरी होती. कॉम्प्युटर शिकते. म्हणाली, "आजी, आपल्या नेटवाल्याचा डीएनएसच मठ्ठ आहे. बदलून टाकते."

"ते काय असतं?"

"तू नाव सांगायचं, तो पत्ता सांगतो. आपण काही केलं नाही तर नेटवाल्याचाच धरला जातो. आता दुसऱ्याला विचारू."

"म्हणजे स्टँडवरच्या रिक्षावाल्याला माहीत नाही, तर पानवाल्याला विचार."

"हो गं बाई, तसंच!"

तिने राउटरमधले आकडे बदलले, डबा बंद करून चालू केला. मी ॲप उघडलं... आणि चित्र आलं. स्वच्छ.

कमल ओट्याखाली आडवी पडली होती. तोंड भिंतीकडे. पिठाचा डबा लवंडलेला. उजव्या पायाच्या अंगठ्याला हिरवी चिंधी.

"आजी, ती हलत नाहीये!" प्रणाली ओरडली. तेवढ्यात चित्र गेलं.

कमलला फोन लावला. उचलेना. शेजारच्या हिराबाईला लावला.

"सकायले ते बोलनी ना मनासंगे," हिराबाई म्हणाली.

"सकाळचं सोड. आत्ता जा. दार तोड."

पुढच्या दाराला आतून कडी. हिराबाई मागच्या दाराने घुसली. कमल अर्धवट शुद्धीत होती. हिराबाईने हिरड्यांना साखर चोळली, रिक्षात घातलं आणि शिरपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रिकाम्या पोटी साखरेची गोळी घेतल्याने साखर एकदम उतरली; अजून थोडा उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती.

दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा सलाइन चालू होतं. ती जगली हे पाहिलं आणि मग मला राग आला.

"उपास धरीसन गोळी खादी? अक्कल शे का तुले?"

"गुरुवार व्हता ना..."

"गुरुवारने नाही, कॅमेऱ्याने वाचवलं तुला. नशीब, तो लागला."

कमलने तोंड फिरवलं. "अक्का, रागावू नको. तो कॅमेरा ते मी काढी टाका. दिनभर माले देखस तो!"

कधी काढला, ते विचारलं. आठ दिवस झाले होते.

मी मुलाला घेऊन तिच्या घरी गेले. पेटीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेची आणलेली. सगळ्यात खाली, गोधड्यांखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कॅमेरा. वायरसुद्धा नीट गुंडाळून ठेवलेली. फळीवर नुसता खिळा.

प्रणाली म्हणाली, "जुनं साठवलेलं चित्र उघडलं असेल." असेल. मी ते लगेच मानलं असतं. पण हिराबाईला चिंधीचं विचारलं. त्याच दिवशी सकाळी धुण्याच्या दगडावर कमलच्या अंगठ्याला ठेच लागली होती आणि हिराबाईनेच आपल्या साडीची हिरवी चिंधी फाडून बांधली होती. ती चिंधी प्रणालीनेही पाहिली होती. जळगावला परतल्यावर तिने राउटरमधले ते आकडे जुने करून पाहिले, परत नवे करून पाहिले. गोल फिरतो, बाकी काही नाही.

हा देवाचाच चमत्कार म्हणणारे आमच्याकडे येऊन गेले. मी चहा पाजला, हो म्हटलं नाही. देवाला कमलला वाचवायचं होतं तर उपासच मोडायला लावला असता. राउटरमधून कशाला यायचं? पण दुसरं कारण मलाही सापडलेलं नाही. कोणालाच नाही.

मुलाने विचारलं, "मावशी, कॅमेरा परत लावू का?"

"नको," कमल म्हणाली. "पेटीमाच राहू दे. तठे बरा चालस."

आता मी तिला सरळ फोनच करते. गुरुवारी दोनदा.

"जेवनी का?"

"जेवनू ना अक्का."

"काय खादं?"

ती सांगते. मी शेवटच्या घासापर्यंत विचारते.