दाराखालचा पत्रा

भगवंत पेंटरचा हात फिरला की खाली ओरखडा होता हे शोधून दाखवा, असं सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यात सगळे म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हतं. साक्री तालुक्यातून सिल्वासाला आला तेव्हा विशीतला होता, आता पंचेचाळिशी उलटली. इतकी वर्षं काम एकच. लोखंडी कपाटं ट्रकात चढण्याआधी त्यांच्यावरचे पोचे आणि चरे बुजवायचे, वरून असा रंग मारायचा की सुपरवायझरनं मान डोलवत पुढं जावं. माणूस तसा अबोल, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण कामाचा विषय निघाला की ताठा असा, विचारू नका.

त्याची एकुलती एक पोरगी सोनी खानवेलला दिलेली. जावई ललितला कामगारांच्या फेऱ्या मारायला व्हॅन हवी होती, आणि लग्नात भगवंतनं तसा शब्द देऊन ठेवला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. त्या दिवशी पूजा करून गाडी जावयाच्या हवाली करायची, असं ठरलं. गोकुळ दलालाकडून एक जुनी पांढरी व्हॅन मिळाली. गॅरेजवाल्यानं रंगाचा भाव सांगितला तेव्हा भगवंत हसलाच. अहो, पेंटरनं रंगाला पैसे द्यायचे म्हणजे न्हाव्यानं दाढीला दुसरीकडे जाण्यातली गत! त्यानं गलोंडा गावातल्या आपल्या खोलीपुढं ताडपत्री बांधली, दोन दिवसांसाठी कॉम्प्रेसर भाड्यानं सांगून ठेवला आणि रजा टाकून कामाला लागला.

रंग उतरवायचं रसायन महाग, म्हणून ते फक्त टपाला आणि बॉनेटला लावलं. बाकी सगळं पात्यानं खरवडायचं, मग पाणीपेपर, म्हणजे ओला पॉलिश पेपर, घासायचा. सकाळपासून खर्र खर्र चाललेलं असे. सरिता, त्याची बायको, वैतागली होती.

"अहो, भाकरीला पण थिनरचा वास येऊन राहिला."

"चार दिवस काढ गं. सोनी बसणार आहे यात. वरवरचं काम करून कसं चालेल?"

पांढऱ्याखाली चंदेरी रंग निघाला. जुन्या गाड्यांना असे दोन-तीन थर असतातच, त्यात नवल काही नाही. पण चंदेरीखाली हिरवा लागला आणि भगवंतचा हात थबकला. हा हिरवा आपण कुठंतरी पाहिलाय. कुठं, ते आठवेना. त्यानं पातं पुसलं, एक बिडी ओढली.

मग तो सरकत्या दाराखाली बसला. तिथं पत्र्याची एक पोकळ पट्टी असते, दिसायला साधी, पण जमिनीचा पत्रा, सीट आणि माणसं या सगळ्यांचा भार तिच्यावर. पातं लावताच लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लगद्याचा, वीतभर पापुद्रा शिळ्या भाकरीसारखा तुटून हातात आला. आत पत्रा नव्हताच. आत कापड होतं. दगडासारखं कडक झालेलं, जांभळं, त्यावर पिवळ्या बुट्ट्या.

सरिता चहा घेऊन आली होती. ती वाकून बघायला लागली. "अगं बाई! ही तर माझी साडी! सोनीच्या बारशाला नेसले होते ती. ही गाडीत कशी गेली?"

भगवंतनं त्या कडक चिंधीवरून अंगठा फिरवला. त्याला सगळं आठवलं होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी तो दर रविवारी गोकुळच्या जुन्या गाड्यांच्या वाड्यात रंगकामाला जायचा. ही गाडी तिथंच त्यानं हिरवी रंगवली होती. सडलेला पत्रा कापून नवा जोडणं हे खरं काम, पण त्याला वेल्डर लागतो, दोन दिवस जातात. गोकुळला गाडी संध्याकाळपर्यंत चकचकीत पाहिजे असे. दुसरे पेंटर भोकात गोणपाट कोंबायचे आणि वरून लांबी थापायचे. भगवंत नीटनेटका माणूस! तो घरच्या जुन्या सुती साड्या फाडून न्यायचा, डिंकासारख्या रसायनात भिजवून घडी घालायचा, कारण पातळ कापडाचा उंचवटा वर दिसत नाही. या युक्तीचा त्याला कोण अभिमान होता. गाडी कोण घेणार, तिच्यात कोण बसणार, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नाही. शिवला असता तर रविवार बुडाला असता.

त्यानं स्क्रूड्रायव्हर पट्टीला टेकवला. जोर लावावा लागलाच नाही, मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूलाही तेच.

त्यानं गोकुळला फोन लावला. साडीचं ऐकून गोकुळ खो खो हसत सुटला. "भगवंतभाऊ, तुमचाच माल तुम्हाला आला की! आता तक्रार कोणाची करता?"

अशा किती गाड्या केल्या, ते भगवंत आठवत बसला. तीस? चाळीस? आकडा लागेना. एवढ्यात समोरच्या रस्त्यानं एक व्हॅन गेली, माणसांनी खचाखच भरलेली, दारात एक जण लटकलेला. भगवंतला ना माणसं दिसली ना नंबर. ती वळणाआड जाईस्तोवर तो तिच्या दाराखाली बघत राहिला.

संध्याकाळी ललित आला. भगवंतनं काही लपवलं नाही. साडी दाखवली, भोक दाखवलं, रविवारचं सगळं सांगून टाकलं. जावयापुढं मान खाली घालून बोलायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. ललितनं उकिडवं बसून भोकात बोट घालून पाहिलं.

"मामा, पण सात वर्षं टिकलंच ना?"

"टिकलं ते नशीब, जावईबापू. वेल्डिंग करायचं म्हटलं तर धरायला चांगला पत्राच उरला नाही. ही भंगारात द्यायची."

"भंगारात? मी लोकांना सांगून बसलोय. तुमच्या हाताला हे काय अवघड आहे? परत भरा तसंच. दिवाळीपर्यंत चालवतो, मग देऊ कोणाच्या तरी गळ्यात बांधून."

"अरे, सोनी बसेल यात!"

"सोनीला नाही बसवत. पॅसेंजरच बसतील." ललित हे इतक्या सहज बोलला की भगवंतला आपलेच रविवार आठवले. हेच तर आपण करत आलो, आणि हा तर शहाणा, तोंडानं बोलून तरी दाखवतोय.

त्यानं हातोडी उचलली आणि दाराखालची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फोडत नेली. गंजाचा भुगा आणि बुट्टीदार चिंध्या अंगणात पडल्या. दुसरी बाजूही फोडली. आता कोणाच्याही हातानं ती बुजली नसती. ललितनं गाडीला लाथ घातली आणि तो निघून गेला. भगवंतला वाटलं, जावई तुटला तर तुटला, पोरगी वाचली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागली.

आठवडाभर सोनीचा फोन आला नाही. सरिता रोज डोळे पुसायची, "आखाजीला पोरगी येणार नाही, तुमच्यामुळं," म्हणायची. भगवंत ऐकून घ्यायचा.

आखाजीच्या सकाळी सरिता पुरणाचं बघत होती आणि फोन वाजला. सोनी! मागं इंजिनाचा आवाज, माणसांची बडबड.

"आप्पा, रागावू नका हं. आम्ही येऊन राहिलो जेवायला. ह्यांनी गोकुळशेठकडून दुसरी गाडी घेतली, लाल! वाटेत पॅसेंजर पण मिळाले, अकरा जण आहेत मागं."

"गोकुळकडून?" भगवंत उठून उभा राहिला. "सोने, दाराखाली पाहिलं का? खरवडून पाहिलं का कोणी?"

"अहो, खरवडायचं कशाला? इतका सुंदर रंग आहे, कुठं सांधा दिसत नाही की काही नाही. हे म्हणतात, अगदी मामांच्या हातचं काम वाटतं." ती हसली. "आता घाटाच्या उतारावर आहोत, रेंज जाईल बघा."

"सोने, थांबवायला सांग. आत्ताच्या आत्ता थांबवायला सांग त्याला!"

"काय? ऐकू येत नाही, आप्पा. हॅलो? पोचतोच आम्ही."

फोन बंद झाला. भगवंतनं परत लावला, परत लावला. आतून सरितानं विचारलं, "कोण, सोनी का? किती जण जेवायला आहेत?"